पगाराची टोपी

दरवर्षी मे महिना आला, फुटबॉलचा हंगाम आटोपला, की इथले सगळे क्लब आपापल्या वेबसाइटवर एक यादी लावतात. तिला म्हणतात 'रिटेन्ड लिस्ट'. मजकूर साधारण ठरलेला असतो. आधी ज्यांचा करार अजून चालू आहे ते. मग ज्यांना नवा करार देऊ केलाय ते. आणि सगळ्यात शेवटी, जे आता जाणार आहेत ते, आभार आणि शुभेच्छांसकट. बारा वर्षं खेळलेला कप्तान असो की एकही सामना न खेळलेला अठरा वर्षांचा पोरगा, दोघं एकाच ओळीत, मध्ये फक्त स्वल्पविराम!

मला या यादीचा नाद लावला तो आमच्या प्रयोगशाळेतल्या मुख्य टेक्निशियनने. उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात मी रिसर्च इंजिनियर आहे. पीएचडीही इथलीच. हे गृहस्थ माझ्यापेक्षा पंचवीसेक वर्षांनी मोठे. इंग्रजीत सगळ्यांनाच 'यू', शिवाय इथे प्रोफेसरलाही नावाने हाक मारतात, त्यामुळे 'काका' म्हणायची सोय नाही. पण मनात मी त्यांना कायम 'अहो'च म्हणत आलोय. तर काका (इथे म्हणून घेतो!) चहाच्या सुट्टीत पेपर उघडायचे आणि मॅंचेस्टर युनायटेडची यादी शेवटापासून वाचायचे. "आधी बघावं गेले कोण. राहिलेले काय, राहिलेलेच असतात," असं त्यांचं म्हणणं.

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? आयपीएलमध्ये हे दरवर्षी होतंच की. खरंय. साताऱ्याहून बाबांचा फोन आला की आमचं निम्मं बोलणं 'रिलीज' आणि 'रिटेन'वर होतं. २०२५ च्या लिलावाआधी चेन्नईने धोनीला चार कोटींत ठेवलं, 'अनकॅप्ड' म्हणून. पाच वर्षांत देशासाठी खेळला नसेल तर तो खेळाडू नवख्यांत जमा, असा नियम. बाबा म्हणाले, "अरे, दोन वर्ल्डकप जिंकलेला माणूस नवखा? मग मी आता बँकेत प्रोबेशनर म्हणून रुजू होऊ का?" आमचा पुण्याचा ऋतुराज अठरा कोटी आणि धोनी चार. तरी तिथे धोनीला ठेवायचं होतं म्हणून नियमातून वाट काढली. जडेजाचं बघा. २०१२ पासून चेन्नईत, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये राजस्थानला दिला, अठराचे चौदा कोटी करून.

पण आयपीएलमधला हिशेब निदान सरळ आहे. २०२५ ला १२० कोटींची पिशवी होती, त्यात संघ बसवा. इथल्या फुटबॉलमध्ये तशी पिशवी दिसत नाही. 'सॅलरी कॅप' हा अमेरिकन शब्द. तिथल्या फुटबॉलमध्ये (तो हातात धरून पळायचा फुटबॉल) दर मार्च महिन्यात महागडे, मुरलेले खेळाडू धडाधड मोकळे केले जातात, कारण संघाच्या एकूण पगाराला वरची मर्यादा असते. आता कॅप म्हणजे टोपी, आणि टोपी घालणे म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको. इंग्रज लोक म्हणतात आमच्याकडे कॅप नाही. माझं म्हणणं असं की टोपी आहे, फक्त ती डोक्यावर दिसत नाही, वहीत दिसते.

थोडा इतिहास सांगतो, कारण या 'रिटेन्ड' शब्दात गंमत आहे. १९०१ साली इथे खेळाडूंच्या पगाराला कमाल मर्यादा घातली, आठवड्याला चार पौंड. ती वाढत वाढत १९६१ पर्यंत वीस पौंडांवर आली. त्या वर्षी जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची धमकी दिली आणि मर्यादा गेली. फुलहॅमचा जॉनी हेन्स लगेच आठवड्याला शंभर पौंडांचा झाला. पण दुसरी एक बेडी तशीच होती. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबकडे राहायची. क्लबने तुम्हाला 'रिटेन' केलं तर तुम्ही खेळायला बांधलेले, दुसरीकडे जायची सोय नाही. जॉर्ज ईस्टहॅम नावाच्या खेळाडूने न्यूकॅसलविरुद्ध कोर्टात दावा लावला आणि १९६३ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. पुढे १९९५ चा बोसमनचा निकाल आला आणि करार संपलेला खेळाडू पूर्ण मोकळा झाला. म्हणजे एके काळी या यादीत नाव असणं ही कैद होती, आणि आज नाव नसणं ही भीती आहे. खेळाडूंनी भांडून स्वातंत्र्य मिळवलं ते योग्यच. फक्त ते स्वातंत्र्य दोन्ही बाजूंना मिळालं, हे तिशी उलटली की लक्षात येतं.

आता वही. मी इंजिनियर असल्यामुळे मला आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही, तेव्हा पाच मिनिटं सहन करा.

समजा क्लबने पाच कोटी पौंडांना खेळाडू विकत घेतला आणि पाच वर्षांचा करार केला. हिशेबात ते पाच कोटी एकदम खर्ची पडत नाहीत. दरवर्षी एक कोटी असे पसरतात, आपल्या कारखान्यातल्या लेथच्या घसाऱ्यासारखे. तीन वर्षांनी वहीत त्याची किंमत उरते दोन कोटी. तेव्हा तो तीन कोटींना विकला तर नफा एक कोटी. इथवर ठीक. पण जो पोरगा सहाव्या-सातव्या वर्षापासून क्लबच्या अकादमीत वाढला, त्याला विकत घेतलेलाच नाही. वहीत त्याची किंमत शून्य. तो तीन कोटींना विकला तर नफा तीनच्या तीन कोटी. इथले पत्रकार याला 'शुद्ध नफा' म्हणतात, आणि म्हणताना त्यांना काही वाटत नाही.

आणि तेहतीस वर्षांचा जुना खेळाडू? त्याची खरेदीची किंमत केव्हाच फिटलेली. करार संपत आलेला, म्हणजे विकून काही मिळणार नाही. उरतो फक्त पगार, आणि तो संघातल्या सगळ्यात मोठ्या पगारांपैकी एक. म्हणजे घरचा पोरगा हा शुद्ध नफा आणि जुना गडी हा शुद्ध खर्च. ज्या दोघांची नावं पाठीवर छापून लोक स्टेडियममध्ये येतात, तेच दोघं वहीवाल्याला दार दाखवायला सगळ्यात सोयीचे!

प्रीमियर लीगने २०१३ पासून नियम लावला की तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा चालणार नाही. बरेच दिवस तो कागदावरच होता. २०२३-२४ च्या हंगामात मात्र एव्हर्टनचे एकूण आठ गुण कापले आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार, तेव्हा सगळ्यांची झोप उडाली. त्याआधी २०२३ च्या उन्हाळ्यात चेल्सीने मेसन माउंटला युनायटेडला विकलं होतं. सहा वर्षांचा असल्यापासून चेल्सीत असलेला मुलगा, किंमत साडेपाच कोटी पौंड आणि वर काही. २०२४ मध्ये त्यांनी कॉनर गॅलाघरला माद्रिदला पाठवलं, तोही तिथेच वाढलेला. त्याच उन्हाळ्यात युनायटेडने स्कॉट मॅकटॉमिने नापोलीला विकला. काका त्या दिवशी चहा घ्यायला आलेच नाहीत. पुढल्या वर्षी नापोली इटलीचं विजेतं झालं आणि मॅकटॉमिने तिथल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. काकांनी ती बातमी कापून वर्कशॉपच्या कपाटावर लावली. खाली एक अक्षर लिहिलं नाही.

त्याच नापोलीत २०२५ च्या उन्हाळ्यात केव्हिन डी ब्रुयना गेला. मॅंचेस्टर सिटीत दहा वर्षं, लीगची सहा विजेतेपदं, २०२३ ची चॅंपियन्स लीग. एप्रिलमध्ये त्यानेच जाहीर केलं की हे शेवटचे महिने. मग पत्रकारांना सांगितलं की वर्षभरात क्लबकडून काहीही देऊ केलं गेलं नव्हतं, त्याला थोडं आश्चर्यच वाटलं, आपण अजून खेळू शकतो असं त्याला वाटत होतं. सिटीने त्याला कुठल्या नियमामुळे सोडलं असं मी म्हणत नाही. मांडीच्या दुखापतीने तो आधी पाच महिने बाहेर होता, वय चौतिशीला टेकलेलं, पगार डोळे फिरवणारा. कुठल्याही शहाण्या व्यवस्थापकाने हेच केलं असतं, असं माझे इथले मित्र सांगतात. असेल. क्लबने त्याचा पुतळा उभारायचं जाहीर केलं. पुतळ्याला आठवड्याचा पगार लागत नाही, आणि गुडघेही दुखत नाहीत.

सप्टेंबरमध्ये तो नापोलीकडून त्याच मैदानावर परत आला. सगळं स्टेडियम उभं राहिलं. एकविसाव्या मिनिटाला नापोलीच्या कप्तानाला लाल कार्ड मिळालं, बचावपटू घ्यायला कोणीतरी बाहेर काढणं भाग होतं, आणि सव्विसाव्या मिनिटाला काढला कोणाला, तर डी ब्रुयनाला! टीव्हीवर बघताना मला एकदम आमच्या लग्नकार्यात फोटोच्या वेळी बाजूला सरकवतात त्या आत्येभावाची आठवण झाली. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

असे किस्से इथे प्रत्येक क्लबला आहेत. आर्सेनलचे वेंगरसाहेब तिशी ओलांडलेल्याला एका वर्षापेक्षा जास्त करार देत नसत. त्यापायी २००६ मध्ये रोबेर पिरेस स्पेनला गेला. चेल्सीने २०१४ मध्ये फ्रॅंक लॅंपार्डला सोडला, २११ गोल करणारा माणूस. तो त्याच वर्षी सिटीकडून खेळला. चेल्सीविरुद्ध ७८ व्या मिनिटाला मैदानात आला, ८५ व्या मिनिटाला बरोबरीचा गोल केला, आणि गोल केल्यावर हात वर न करता मान खाली घालून परत फिरला. मी तेव्हा नुकताच इकडे आलो होतो. फुटबॉल फारसं कळत नव्हतं, पण ती खाली घातलेली मान कळली.

खरीखुरी, नाव घेऊन घातलेली टोपीही इथे होऊन गेली. कोविडच्या पहिल्या वर्षी, ऑगस्ट २०२० मध्ये, तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या क्लबांनी मतदान करून संपूर्ण संघाच्या पगाराला मर्यादा घातली: लीग वनला पंचवीस लाख पौंड, लीग टूला पंधरा लाख. एकवीस किंवा त्याखालच्या खेळाडूंचा पगार यात धरायचा नाही. हेतू चांगला, पोरांना संधी मिळावी. पण याचा दुसरा अर्थ काय झाला? बत्तीस वर्षांचा बॅक आणि वीस वर्षांचा बॅक समोर उभे असतील तर एकाचा पगार मोजायचा, दुसऱ्याचा नाही. या पायरीवरचे खेळाडू काही कोट्यधीश नसतात बरं का. घराचे हप्ते, दोन मुलं, पायात तीन ऑपरेशनं आणि दुसरं काही शिकलेलं नाही, अशी माणसं. खेळाडूंची संघटना लवादाकडे गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तो नियम रद्द झाला.

रग्बीत मात्र टोपी पक्की आहे. तिथे २०२१-२२ पासून ती चौसष्ट लाखांवरून पन्नास लाखांवर आणली. एक्सेटरचा संघ २०२० मध्ये इंग्लंड आणि युरोप दोन्हीकडे विजेता होता. २०२३ पर्यंत त्यातले जॅक नोवेल, सॅम सिमंड्स वगैरे मंडळी फ्रान्सच्या वाटेला लागली. २०२४-२५ ला मर्यादा पुन्हा चौसष्ट लाख झाली, पण गेलेले गेले.

आता दुसरी बाजू न मांडता मी पुढे गेलो तर बाबा फोनवर उलटतपासणी घेतील. मर्यादा नकोत का? हव्यातच. बरी नावाचा क्लब १८८५ पासूनचा. देणी भागेनात म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकला गेला. पोर्ट्समथने २००८ मध्ये एफए कप जिंकला, ऐपतीबाहेर पगार वाटून. दोन वर्षांत दिवाळखोरीच्या दारात, आणि २०१३ पर्यंत थेट चौथ्या पायरीवर. क्लब बुडाला की म्हातारा खेळाडूही बुडतो, तरणाही, आणि मैदानाबाहेरचा वडेवालाही. (इथे वडे नाहीत, पाय मिळते. गरम असते, एवढंच तिच्याबद्दल म्हणेन.) तेव्हा मर्यादेला माझा विरोध नाही. मर्यादा काय मोजते आणि काय मोजत नाही, याला आहे.

आणि हे मला फुटबॉलमुळे कळलं नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये कळलं.

इथल्या विद्यापीठांची अवस्था तुम्ही पेपरात वाचली असेल. घरच्या विद्यार्थ्यांची फी २०१७ पासून ९२५० पौंडांवर अडकली होती, ती २०२५ मध्ये कुठे ९५३५ झाली. खर्च मात्र भराभर वाढला. तूट भरून निघायची ती परदेशी, म्हणजे आपल्यासारख्यांच्या, फीमधून. २०२४ पासून शिक्षणाच्या व्हिसावर बहुतेकांना कुटुंब आणता येईनासं झालं आणि तीही आटली. मग एकामागून एक विद्यापीठांनी 'स्वेच्छा' योजना काढल्या. आमच्याकडेही आली. काकांचं वय एकोणसाठ, नोकरी एकतीस वर्षांची. टेक्निशियनच्या पगारश्रेणीत सगळ्यात वरच्या टोकाला. त्यांना कोणी जा म्हणालं नाही. एक बैठक झाली, एक पत्र आलं, त्यात एक आकडा होता आणि एक तारीख होती. काकांनी सही केली. त्यांच्याबरोबर इलेक्ट्रॉनिक्स बघणाऱ्या बाईंनीही.

त्या दोन जागा बंद झाल्या आणि त्यातून वाचलेल्या पैशात एक नवी जागा तयार झाली: प्रयोगही करायचे आणि मशीनही सांभाळायची, असा एक रिसर्च इंजिनियर. पोस्ट-डॉकचे दोन तात्पुरते करार संपवून मी तेव्हा तिसऱ्याच्या शोधात होतो. व्हिसाचे महिने मोजत होतो. बायकोचं सातव्या महिन्याचं स्कॅन होऊन आलं होतं. मी अर्ज केला. मुलाखतीच्या आदल्या दिवशी काकांनीच मला दोन तास बसवून कोणते प्रश्न येतील ते सांगितलं. जागा मला मिळाली.

म्हणजे मंडळी, मी जो डी ब्रुयनाच्या नावाने गळा काढतोय, तो मी या गोष्टीतला नवा, स्वस्त, तरणा खेळाडू आहे. हे सांगितल्याशिवाय हा लेख लिहिणं लबाडी झाली असती.

आमचं काम धातूंच्या थकव्याचं. हायड्रॉलिक मशीनमध्ये नमुना पकडायचा आणि लाखो वेळा ओढायचा-सोडायचा, कधी तुटतो ते बघायचं. एकेक चाचणी दहा-बारा दिवस चालते. काका गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात माझे नमुने भलत्याच ठिकाणी, पकडीच्या तोंडाशी तुटायला लागले. मी सगळं तपासलं. सेन्सर, प्रोग्राम, कॅलिब्रेशनचे कागद. सगळं कागदावर बरोबर. तीन नमुने, जवळजवळ पाच आठवडे वाया. शेवटी लाज सोडून काकांना फोन केला. ते त्यांच्या भाजीच्या वाफ्यात होते. म्हणाले, "पंप सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटाला आवाज कसा येतो? फोन जवळ धर." मी धरला. ते म्हणाले, "खालची पकड तिरकी बसलीय. २००९ मध्ये ती एकदा पडली होती. तेव्हापासून डावीकडे कागदाइतकी पत्र्याची चकती घालावी लागते. कोणीतरी साफसफाईत टाकलेली दिसते." कोणीतरी म्हणजे मीच. टाकली होती. मला ती कचरा वाटली होती.

पाच आठवड्यांच्या वाया गेलेल्या मशीनच्या तासांची किंमत मी काढली. ती काकांच्या दोन महिन्यांच्या पगाराहून थोडी जास्त भरली. पण हा खर्च कुठल्याच वहीत दिसत नाही. दिसतो तो असा: 'विलंब'. आणि त्यापुढे माझं नाव.

युनायटेडमध्येही हेच झालं, फक्त पेपरात आलं. नवे भागीदार आल्यावर २०२४ मध्ये अडीचशेच्या आसपास कर्मचारी कमी केले, २०२५ मध्ये आणखी दीड-दोनशेची घोषणा केली. साध्या नोकरदारांचं कॅंटीनचं फुकट जेवण बंद करून फळं ठेवली. सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचा मानधनाचा करारही संपवला. हे वाचून काका म्हणाले होते, "फर्गीला काढतात, तर माझं काय घेऊन बसलास?" ते हसत होते. तेव्हा त्यांचं पत्र यायला अजून वेळ होता.

आणि आपल्याकडे काय वेगळं आहे म्हणा! २००१ साली बाबांनी बँकेतून व्हीआरएस घेतली. राष्ट्रीयीकृत बँकांची ती योजना तुमच्यापैकी अनेकांच्या घरी येऊन गेली असेल. पंधरा वर्षं नोकरी किंवा चाळीस वय, आणि पूर्ण केलेल्या दर वर्षामागे साठ दिवसांचा पगार. बाबा एकोणपन्नास वर्षांचे होते, मी सहावीत. शेजारच्या काकूंनी पेढे मागितले, कारण एकरकमी पैसे आले होते. पुढचं वर्षभर शाखेतला एक तरुण क्लार्क आठवड्यातून एकदा संध्याकाळी घरी यायचा, जुन्या खात्यांचं काहीतरी विचारायला. आई चहा टाकायची. बाबा बनियनवर बसून त्याला सांगायचे, कोणत्या वर्षी कोणत्या सोसायटीची सही बदलली, कोणतं तारण कोणाच्या नावावर. त्या क्लार्कचा मला तेव्हा फार राग यायचा. वाटायचं, याच्यामुळे बाबा घरी बसले. आता वाटतं, बिचाऱ्याला दुसरं कोण होतं विचारायला?

इथला कायदा एका बाबतीत मला आवडतो. नोकरी कपातीत जी किमान भरपाई द्यावी लागते, ती बाविशीपासून चाळिशीपर्यंतच्या वर्षांना एका आठवड्याच्या पगाराच्या हिशेबाने आणि एक्केचाळिशीनंतरच्या वर्षांना दीड आठवड्याच्या. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला बाहेर काढणं जास्त महाग पडलं पाहिजे, हे कोणालातरी सुचलं होतं. पण ते सगळं निघतानाचं. राहण्यासाठी काही नाही.

म्हणून माझं एक सोपं म्हणणं आहे. तोट्याचा हिशेब करताना प्रीमियर लीगने आधीपासून काही खर्च वगळले होते: अकादमी, महिलांचा संघ, समाजकार्य, स्टेडियमचं बांधकाम. कारण हे खर्च व्हावेत असं लीगला वाटत होतं. बरोबरच होतं. २०२६-२७ च्या हंगामापासून नवा नियम आणायचं नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरलं: संघावरचा खर्च क्लबच्या फुटबॉलमधल्या उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांच्या आत. नवी वही उघडतच आहात, तर त्यात एक रकाना आणखी घाला. जो खेळाडू एकाच क्लबात सलग दहा हंगाम राहिला, त्याचा अर्धा पगार मोजू नका. बस्स. मग क्लबने त्याला ठेवायचं की नाही ते खुशाल ठरवावं, पण निदान तराजूचा काटा आधीच एका बाजूला झुकलेला नसेल. अमेरिकेच्या त्या टोपीवाल्या फुटबॉलमध्येही किमान पगारावर खेळणाऱ्या जुन्या खेळाडूचा पगार कॅपमध्ये कमी धरायची सोय आहे. ज्यांनी टोपी शिवली त्यांनाही तिला भोक ठेवावं लागलं. आणि अकादमीतला पोरगा विकला की सगळा नफा एकदम जमा, हे बंद करा. तोही पाच वर्षांत पसरा, जसा खर्च पसरता तसा.

यात पळवाटा निघतील, मला ठाऊक आहे. दहाव्या हंगामाच्या आधी, नवव्यात, लोकांना काढतील. जुनी मंडळी जागा अडवून बसतील आणि विशीतला एखादा पोरगा बाकावर बसून म्हातारा होईल. हा शेवटचा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण काका राहिले असते तर मी आज कुठे असतो? बहुधा पुण्यात, किंवा आणखी एका तात्पुरत्या करारावर. विचाराल तर सांगतो, मी त्यांच्या जागी राहणं अन्याय आहे असं मला वाटत नाही. आम्ही दोन वर्षं एकत्र असायला हवे होतो, एवढंच वाटतं. एका पगाराइतका जास्त खर्च, दोन वर्षं. वहीवाल्यांच्या भाषेत त्याला 'ओव्हरलॅप' म्हणतात आणि तो टाळायचा असतो.

योजनेत गेलेल्या माणसाला इतक्यात पुन्हा पैसे देऊन बोलावता येत नाही, असं आमच्या ऑफिसने कळवलंय. तेव्हा आता दर शनिवारी सकाळी काका आमच्या घरी येतात. बायको पोहे करते, ते मिरच्या बाजूला काढून खातात, पोरीला मांडीवर घेऊन युनायटेडची गाणी शिकवतात (मी सिटीबद्दल काही बोलत नाही). मग मी वही काढतो. मशीनवर एकतीस वर्षांत काय काय पडलं, काय तुटलं, काय कशाने चालतं, ते ते सांगतात आणि मी लिहून घेतो. पकडीचं आणि लोडसेलचं झालंय, बावीस पानं भरली. हायड्रॉलिकचं अजून सगळं बाकी आहे.